बेळगाव सीमाभागातल्या घराचा कार्बन हिशेब कसा मांडायचा

हवामान बदलावर मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. एसी कमी लावा, विमानानं कमी फिरा, लिफ्टऐवजी जिना वापरा. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या घराला यातलं फारसं काही लागू पडत नाही. इथं गोठ्यात दोन म्हशी असतात, उसाला पाणी पाजायला पाच एचपीची मोटर असते, मुलगा रोज मोटरसायकलवरून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि कर्नाटक सरकारच्या 'गृह ज्योती' योजनेमुळे लाईट बिल शून्य येतं. अशा घरातून वर्षाला हवा तापवणारे किती वायू बाहेर पडतात, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यासाठी एक वही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, मागच्या वर्षाची बिलं आणि एक मोकळा रविवार पुरेसा आहे.

आधी हवेत काय चाललंय ते

सूर्याचं ऊन जमिनीला तापवतं. तापलेली जमीन ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडते. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ मात्र त्यातली बरीच उष्णता शोषून घेतात आणि काही भाग पुन्हा जमिनीकडे पाठवतात. जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत हे वायू उष्णता शोषतात हे मोजून दाखवलं. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित हातानं मांडलं. म्हणजे हे शास्त्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, १९५८ मध्ये सुमारे ३१५, आणि आता ४२० च्या वर गेलाय. हा वाढलेला वायू कोळसा-तेलाचाच कशावरून, असा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून राहिलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतल्या कार्बनमधलं त्याचं प्रमाण जसं पातळ होत गेलंय, त्यावरून मूळ कुठलं ते ओळखता येतं. सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. उष्णता खालीच अडून राहते आहे, हाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. कार्बन डायऑक्साइडचं सोसायटीच्या कर्जासारखं आहे. यंदा मागच्यापेक्षा कमी उचल केली म्हणून थकबाकी उतरत नाही, फक्त वाढीचा वेग कमी होतो. आपण सोडलेल्या वायूपैकी जवळपास निम्मा झाडं, माती आणि समुद्र मिळून शोषतात, बाकीचा हवेत साठत जातो, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं तिथंच राहतो. मिथेन वेगळा. तो सुमारे बारा वर्षांत विरून जातो, पण आहे तोवर फार जोरात तापवतो.

पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळाच्या तुलनेत एक अंशाहून अधिक वाढलंय. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात धो-धो पडण्याची शक्यता वाढते, आणि उघडीप असते तेव्हा माती लवकर वाळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या आणि गोकाकमध्ये घरांत पाणी शिरलं. २०२३ मध्ये उलट, कर्नाटकातल्या बहुतेक तालुक्यांत सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला. एकटा पूर किंवा एकटा दुष्काळ दाखवून 'हा बघा हवामान बदल' असं म्हणता येत नाही. अशा टोकांची शक्यता वाढते, एवढंच शास्त्र ठामपणे सांगतं. ज्याचा ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिलाय, त्याला तेवढंही पुरेसं आहे.

पायरी पहिली: रुपये सोडा, युनिट-लिटर-पोती मोजा

वहीत पहिल्या पानावर पाच रकाने पाडा: वीज, गॅस, पेट्रोल-डिझेल, गोठा, शेत. प्रत्येकात वर्षाचा वापर लिहायचा आहे, खर्च नाही. आपल्या भागात हा फरक फार मोठा आहे. घरची वीज ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत, दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज मोफत, 'शक्ती' योजनेत बायकांचा एसटी प्रवास मोफत, युरिया सवलतीच्या दरात. रुपयांवरून अंदाज बांधला, तर घरातली सगळ्यात मोठी बाब कागदावर दिसणारच नाही.

मग प्रत्येक वस्तूला एका आकड्यानं गुणायचं. आकडे असे: विजेच्या एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे ४२ किलो.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग वायू सव्वादोन किलोच्या वर कसा, असं वाटेल. जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनचा एक अणू १२ वजनाचा, त्याला जोडले जाणारे ऑक्सिजनचे दोन मिळून ३२, एकूण ४४. म्हणजे १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो वायू होतो. हे गणित एकदा शाळेतल्या पोरांकडून वहीत करून घ्या, पुढचे सगळे आकडे मग आपले वाटतात.

पायरी दुसरी: मीटर

लाईट बिलावर कन्नडमध्ये 'बळके' लिहिलेल्या ओळीसमोरचा आकडा म्हणजे वापरलेली युनिटं. बिल सापडत नसेल तर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढा, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा काढा आणि वजाबाकी करा. बिल शून्य रुपयांचं असलं तरी युनिटं छापलेली असतात, तीच घ्यायची.

कर्नाटकात पाण्यावरची, वाऱ्यावरची आणि उन्हावरची वीज बरीच आहे, सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, मग ०.७ का धरायचं? कारण देशातल्या तारा एकमेकांना जोडलेल्या आहेत. आपण एक युनिट वाचवलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतं आणि तेवढा कोळसा कमी जळतो. म्हणून देशाची सरासरी धरणं बरोबर.

घरातल्या विजेत लक्ष द्यायचं ते गरम पाण्याकडे. पाच माणसांच्या अंघोळीला दोन-दोन दहा लिटरच्या कळशा धरल्या तर १०० लिटर पाणी लागतं. ते २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळपास ३ युनिट वीज जाते. रोजचे दोन किलो, वर्षाचे सातशेहून अधिक. त्याच घरातले जुने पंखे बदलून, एलईडी दिवे लावून एवढी बचत व्हायची नाही. बेळगावात सोलर बंब बसवलेली घरं गल्लोगल्ली दिसतात, त्यामागे हे साधं कारण आहे. पावसाळ्यातले महिने सोडले तर ते वर्षभर काम देतात.

छतावर सोलर वीज बसवावी का? 'पीएम सूर्य घर' योजनेत घरांना १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे वर्षाला सुमारे एक टन वायू कमी. पण ज्याचं बिल आधीच शून्य आहे त्याचे पैसे यातून वसूल होणार नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. महिन्याला २०० युनिटांच्या वर जाणाऱ्या घरानं, दुकानानं, पिठाच्या गिरणीनं मात्र जरूर चौकशी करावी.

पायरी तिसरी: चूल, बंब, गॅस

गॅसचं सोपं आहे: वर्षाची सिलिंडरं मोजा, ४२ नं गुणा. लाकडावरच्या तांब्याच्या बंबाचं आणि चुलीचं काय, हे जरा समजून घ्यावं लागतं. बांधावरच्या झाडाचं वाळकं लाकूड जाळलं, तर त्यातला कार्बन काही वर्षांपूर्वी हवेतूनच आलेला असतो आणि झाड पुन्हा वाढलं की परत शोषला जातो. गुऱ्हाळात चुलवणाला चिपाड घालतात, तेही तसंच: मागच्या हंगामात उसानं जे हवेतून घेतलं, ते परत गेलं. कोळसा आणि पेट्रोलचा कार्बन मात्र जमिनीखालून नव्यानं वर येतो. म्हणून हिशेबात लाकूड-चिपाडाच्या कार्बन डायऑक्साइडला शून्य धरतात. याचा अर्थ धूर निर्दोष आहे असा नाही. चुलीच्या काजळीनं हवा तापतेच, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत रोज जे जातं त्याची भरपाई कुठल्याच रकान्यात होत नाही. माझं मत विचाराल तर, गॅस वाचवण्यासाठी घरातल्या बाईला पुन्हा चुलीपुढे बसवणं हा उपाय नव्हेच.

पायरी चौथी: गाडी

खानापूरहून बेळगाव जाऊन-येऊन सुमारे ५२ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस, वर्षाचे १५,६०० किलोमीटर. लिटरला ५० देणारी मोटरसायकल यात ३१२ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे सुमारे ७२० किलो. तोच प्रवास चाळीस माणसं बसलेल्या एसटीनं केला तर, बस लिटरला ५ किलोमीटर देते असं धरून, एका माणसाच्या वाट्याला २१० किलोच्या आसपास येतात. गाडीवर दोघं बसून गेले तर प्रत्येकी ३६०. एकटा माणूस लिटरला १५ देणारी कार घेऊन रोज गेला तर जवळपास २,४०० किलो. कामाच्या पाळीला बस जुळत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी एकाच गल्लीतल्या, एकाच पाळीतल्या दोघांनी एक गाडी काढणं, एवढं जमण्यासारखं आहे.

कारखान्यात काम करणाऱ्याच्या मनात येतं की आपल्या फाउंड्रीत भट्टी पेटते, तोही आपलाच वाटा का? नाही. भट्टीचा वायू त्या कास्टिंगबरोबर जातो, ज्या गाडीत किंवा पंपात ते बसतं ती वापरणाऱ्याच्या खात्यात. कामगारानं आपल्या वहीत फक्त येण्या-जाण्याचा आणि घरचा हिशेब धरावा.

पायरी पाचवी: गोठा आणि शेत

इथं सावकाश चला, कारण आपल्या भागातल्या हिशेबाचा मोठा भाग इथंच आहे.

म्हैस वैरण रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो ढेकरांतून बाहेर पडतो. एका दुभत्या म्हशीचा वर्षाचा मिथेन साधारण ६० किलो धरा. शंभर वर्षांच्या मापानं मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट तापवतो. म्हणजे एका म्हशीमागे १,६२० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं, खानापूर-बेळगाव करणाऱ्या मोटरसायकलच्या दुपटीहून अधिक. हा आकडा वाचून म्हशी विकायला काढू नका. एक तर दूध डेअरीला घातलं की त्याचा वाटा पिणाऱ्याच्या खात्यात जातो. शिवाय मिथेन बारा वर्षांत विरतो, त्यामुळे गोठ्यातली जनावरं तेवढीच राहिली तर हवेतला साठा कोळशासारखा चढत जात नाही. करण्यासारखं काम वेगळं आहे: तेवढ्याच मिथेनमध्ये जास्त दूध घेणं. चार लिटर देणारी आणि आठ लिटर देणारी म्हैस मिथेन सोडते त्यात फार फरक नसतो. वैरण कुट्टी करून घालणं, खनिज मिश्रण देणं, माज वेळेवर ओळखून भाकड काळ कमी करणं, यानं लिटरमागचा वायू उतरतो आणि दुधाचा पगारही वाढतो.

दोन म्हशींचं शेण रोज २५ किलोच्या वर मिळतं. त्यावर एक घनमीटरचा गोबर गॅस चालतो आणि महिन्याला जवळपास एका सिलिंडरचं काम भागतं. फक्त गळती होऊ देऊ नका. पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर तो जोड बदला. गोबर गॅस म्हणजे बहुतांश मिथेनच, तो न जळता हवेत गेला तर सगळा फायदा उलटा पडतो.

आता युरिया. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असतं. त्यातला साधारण एक टक्का मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतं, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, त्यामुळे एका पोत्यामागे ९० किलोच्या आसपास होतात. युरिया विरघळताना त्यातून आणखी ३३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. पोत्यामागे १२० किलो धरा, म्हणजे तीन सिलिंडरांएवढं. खत कारखान्यात बनवतानाचा धूर यात धरलेलाच नाही. युरिया वरून फेकून देण्यापेक्षा पहारीनं भोक पाडून मातीआड केला, हप्त्यांनी दिला, तर पोती कमी लागतात.

मोटरचं पाच एचपीचं यंत्र तासाला साधारण साडेचार युनिट ओढतं. दोन एकर उसाला वर्षात साठ दिवस, रोज सहा तास पाणी पाजलं तर १,६२० युनिटं, म्हणजे ११०० किलोच्या वर. याचं बिलच येत नाही, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ठिबक केलं तर पाणी आणि मोटरचे तास दोन्ही बरेच कमी होतात.

खानापूरकडे भात आहे. साचलेल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन सोडतात. पाणी आलटून-पालटून आटू दिलं तर मिथेन तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटतो. पण जुलैत ढगफुटीसारखा पाऊस चालू असताना शिवारातलं पाणी आटव म्हणणं व्यर्थ आहे. बोअर किंवा कालव्यावरच्या उन्हाळी भातालाच हा सल्ला लागू. धूळवाफेवर पेरलेल्या भातात निदान सुरुवातीचे आठवडे पाणी साचलेलं नसतं, तेवढा तो आधीच बरा.

आणि पाचट. ऊस तुटून गेला की संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाला पेटलेला दिसतो. एकरी तीन-साडेतीन टन पाचट निघतं, त्यात जवळपास पाऊण पोतं युरियाएवढं नत्र असतं, ते सगळं धुरात जातं, वर काजळी आणि मिथेन. पेटवणाऱ्यांची कारणंही आहेत: खोडवा फुटायला अडचण, उंदीर, सापाची भीती, आंतरमशागतीला आडकाठी. तरी एका सरीआड एक सरीत पाचट दाबून बघा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. एप्रिल-मे महिन्यात, वळीव व्हायच्या आधी, भर दुपारी तो थर हातानं उचला. वरचा पाला कडकडीत वाळलेला असतो, त्याखालचा काळपट आणि मऊ, आणि त्याच्याही खाली माती ओलसर लागते, मूठ दाबली तर गोळा होतो. शेजारच्या उघड्या सरीत तेव्हा भेगा पडलेल्या असतात. पाण्याची एखादी पाळी वाचली की मोटरचे तास आपोआप वाचतात.

पायरी सहावी: बेरीज

उदाहरणाला एक घर धरू. पाच माणसं, महिन्याला ९० युनिट, वर्षाला ८ सिलिंडरं, महिन्याला २० लिटर पेट्रोल, दोन म्हशी, दोन एकर ऊस, १० पोती युरिया, वर सांगितलेली मोटर. घरची वीज ७५६ किलो, गॅस ३३६, पेट्रोल ५५२. हे झालं १,६४४. म्हशी ३,२४०, युरिया १,२००, मोटर १,१३४. एकूण सुमारे ७,२०० किलो, त्यातले चारांत तीन भाग गोठ्यातले आणि शेतातले.

घरच्या तीन बाबी माणशी भागल्या तर ३३० किलोसुद्धा होत नाहीत. भारताची दरडोई सरासरी सुमारे दोन टन, जगाची पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेची चौदा. ही सरासरी इंधनाच्या कार्बन डायऑक्साइडची असते, तिच्यात मिथेन नसतो आणि कारखाने, सिमेंट, मालवाहतूक असते, म्हणून थेट तुलना जपून करा. तरीही 'आमच्या एका गाडीनं जगाचं काय बिघडतंय?' असं विचारणाऱ्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. आपला वाटा लहान आहे. मोठी जबाबदारी मोठ्या देशांची आणि मोठ्या कारखान्यांची आहे, आणि ती त्यांच्याकडे मागितलीच पाहिजे. ही वही कुणाला अपराधी ठरवायला नाही. आपल्या हातात नेमकं काय आहे ते कळायला आहे.

पायरी सातवी: एकच बाब निवडा

पाचही रकान्यांना एकदम हात घालू नका. ज्या बाबीत वायू आणि पैसा दोन्ही वाचतात तिथून सुरुवात करा. ऊसवाल्या घराला माझा सल्ला युरियाचा. त्यासाठी माती तपासून घ्या. होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली भागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात विचारा, किंवा बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला आणि गोकाककडे तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

नमुना नीट घेतला तरच अहवालाला अर्थ आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, भातासाठी वीतभर, उसासाठी फूटभर खोल. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खरवडून घमेल्यात जमा करा. बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची आणि नुकतंच खत पडलेली जागा टाळा. सगळी माती एकत्र कालवून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा कालवा, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, नत्राचा आकडा चुकतो. आत चिठ्ठी टाका: नाव, गाव, सर्व्हे नंबर, मागचं पीक, पुढचं पीक. खोडव्याचा नमुना ऊस तुटल्यावर आणि खताच्या आधी घ्या, भाताचा रोहिणीच्या पेऱ्याआधी महिनाभर.